गोळ्या तीन झाल्या तरी फिट थांबत नाही, बहिणीचं ऑपरेशन आपल्याकडे होईल का?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई नमस्कार, मी बीड जिल्ह्यातला. माझी बहीण २३ वर्षांची आहे, तिला नऊ वर्षांची असल्यापासून फिट येते. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं म्हणते, मग एकटक बघत राहते, तोंड चघळल्यासारखं करते, ओढणी चोळत बसते, हाक मारली तरी ओ देत नाही, आणि दोन मिनिटांनी भानावर आली की तिला काहीच आठवत नाही. महिन्यातून चार-पाच वेळा होतं. वर्षातून एक-दोनदा मोठी फिट येऊन पडते, मागच्या वर्षी चुलीजवळ पडून हात भाजला. दीड वर्षाची असताना तापात अर्धा-पाऊण तास आकडी आली होती असं आई सांगते. तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत. चार वर्षांपूर्वीच्या एमआरआयमध्ये 'राइट मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस' लिहिलंय, तेव्हा कोणी काही बोललं नाही, नुसती गोळी वाढवली. आता संभाजीनगरच्या नव्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विचार करा म्हणून सांगितलं. वडील म्हणतात डोकं उघडून पोरगी गमवायची नाही, असली ऑपरेशनं अमेरिकेत होतात. आई म्हणते आधी लग्न उरकू, मग बघू, आणि सासरी सांगायची काही गरज नाही. पाच एकर कोरडवाहू आहे, मी खासगी नोकरी करतो. धाकटा भाऊ समजून सांगा, काय करू?"

उत्तर:

धाकटा भाऊ म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. आधी उत्तर देते, कारण का ते मग सांगते. हे ऑपरेशन आपल्याकडे होतं, आपल्या देशात होतं, मुंबईत होतं, आणि तुझ्या बहिणीच्या रिपोर्टवर जे तीन शब्द लिहिलेत ना, त्या प्रकारच्या फिट्समध्ये ते सगळ्यात जास्त यशस्वी होतं. पण तिला ऑपरेशन लागेल की नाही हे मी सांगू शकत नाही, तो संभाजीनगरचा डॉक्टरही एकट्यानं सांगू शकणार नाही, ते ठरतं एपिलेप्सी (म्हणजे फिटचा आजार) सर्जरीच्या सेंटरमध्ये तपासण्या झाल्यावर. म्हणून आत्ता घरात भांडण ऑपरेशनवर करूच नका. आत्ता फक्त तपासणीला जायचं आहे. तपासणीला हो म्हणणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नाही, सगळं झाल्यावर सुद्धा नको म्हणता येतं. हे वडिलांना पहिल्यांदा सांग, निम्मा ताण तिथंच उतरेल.

आता गोळ्यांचं. मी बरीच वर्षं एका सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक होते, न्यूरोलॉजीच्या ओपीडीबाहेर माझं टेबल असायचं, आणि तुझ्यासारखी गोष्ट मी इतक्या घरांची ऐकलीय की वाचताना हात थरथरला. एक गोळी, मग तिची ताकद वाढवली, मग दुसरी, मग तिसरी, मग पहिली बदलून चौथी, आणि पोरगी शाळेतून बाहेर, कॉलेजातून बाहेर, शेवटी घरात. याच्यावर जगभरात ठरलेला नियम आहे, आणि तो काही गुपित नाही. नीट निवडलेली, नीट डोसमध्ये दिलेली, नियमित घेतलेली अशी दोन औषधं देऊनही फिट थांबत नसेल तर त्या फिटला औषधाला दाद न देणारी म्हणायचं आणि पेशंटला मोठ्या सेंटरला पाठवायचं. आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेनं २०१० मध्ये ही व्याख्या पक्की केली. कारण साधं आहे. स्कॉटलंडमधल्या पेशंटांचा २००० साली छापलेला एक मोठा अभ्यास आहे, त्यात पहिल्याच औषधानं जवळजवळ निम्म्या लोकांच्या फिट्स थांबल्या, दुसऱ्यानं आणखी शंभरात तेरा-चौदा जणांच्या, आणि तिसऱ्यापासून पुढं फायदा होणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे तिसरी गोळी चालू करायची वेळ येते तेव्हाच ऑपरेशनचा विषय निघायला हवा, आणि तुमच्याकडे तो निघायला चौदा वर्षं गेली. यात तुमची चूक काहीच नाही. परदेशातसुद्धा पेशंट ऑपरेशनपर्यंत पोचायला सरासरी वीसेक वर्षं जातात असं तिथलेच डॉक्टर लिहितात. पण म्हणून मला राग यायचा राहत नाही, कारण ही वर्षं शाळेची, नोकरीची, मैत्रिणींची असतात आणि ती परत देता येत नाहीत.

मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणजे काय ते सांगते, घरी समजावता येईल. कानाच्या वरच्या बाजूला आत मेंदूचा जो भाग असतो त्याला टेम्पोरल लोब म्हणतात, त्याच्या आतल्या कडेला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो, आठवणीचं बरंचसं काम तो करतो. तो भाग आक्रसून कडक होतो, जखमेचा व्रण राहतो तसं. लहानपणी तापात खूप वेळ चाललेली आकडी हा त्याचा नेहमीचा इतिहास आहे, आणि मग काही वर्षं सगळं ठीक जाऊन शाळेच्या वयात फिट्स सुरू होतात. पोटातून वर चढणं, टक लावणं, तोंड चघळणं, ओढणी चोळणं, तू लिहिलंस ते सगळं याच जागेच्या फिटचं वर्णन आहे, तू नकळत अगदी बरोबर टिपलंयस. तरी एक लक्षात ठेव, एमआरआयवर डाग दिसला म्हणजे फिट तिथूनच निघते असं धरून चालत नाही, ते ईईजीवर, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात त्या तपासणीत, सिद्ध व्हावं लागतं.

वडिलांना शेतीच्या भाषेत सांगायचं तर हराळीसारखं आहे हे. वरवर कापत राहिलं की काही दिवस रान स्वच्छ दिसतं, पण मुळी एका जागी असेल आणि ती जागा नक्की कळली असेल तर ती काढता येते. मुळी सगळ्या रानात पसरलेली असेल तर नाही काढता येत, आणि तेच तपासायला जायचं आहे.

आता अमेरिकेचं. वडिलांना सांग की भारतात फिटसाठी मेंदूचं पहिलं ऑपरेशन १९५२ साली झालं, तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. डॉ. जेकब चँडी म्हणून होते, कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आले होते, आणि पेनफिल्ड म्हणजे या ऑपरेशनचे जगातले सगळ्यात मोठे गुरू. चँडींनी १९४९ मध्ये वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला आणि तीन वर्षांत हे ऑपरेशन केलं. तेव्हा एमआरआय नव्हता, सीटी स्कॅनसुद्धा नव्हता. ब्राझीलमध्ये रिओला पाउलो निमेयर नावाच्या सर्जननी १९५८ मध्ये फक्त तो आतला खराब भाग काढायची पद्धत जगासमोर मांडली, जी आज युरोप-अमेरिकेतही करतात. म्हणजे गरीब म्हणवल्या जाणाऱ्या देशांनी हे नुसतं उचललं नाही, त्यात भरही घातली.

मग आपल्याकडे मधली कित्येक वर्षं हे काम मागं पडलं. मद्रासला, मुंबईला, वेल्लोरला थोडंफार होत राहिलं, पण सलग कार्यक्रम असा नव्हता. १९९५ मध्ये तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. कुरुपथ राधाकृष्णन यांनी एपिलेप्सी सर्जरीचा कार्यक्रम उभा केला, साधारण त्याच सुमारास दिल्लीच्या एम्समध्येही काम सुरू झालं. श्री चित्रामधल्या कामाबद्दल थोडं जास्त सांगते कारण मला ते फार मोलाचं वाटतं. श्रीमंत देशांत तेव्हा एका पेशंटवर ढीगभर महागड्या तपासण्या व्हायच्या, आपल्याकडे तेवढी यंत्रंही नव्हती आणि तेवढे पैसेही. यांनी उलटा विचार केला, की सगळ्या पेशंटना सगळ्या तपासण्या कशाला, आधी असे पेशंट निवडू ज्यांची फिटची जागा चांगला एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि स्मरणशक्तीची टेस्ट एवढ्यावरच स्पष्ट होते, आणि तिन्ही गोष्टी एकाच जागेकडे बोट दाखवतात. अशांचं ऑपरेशन परदेशातल्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात होतं आणि रिझल्ट तिथल्यासारखेच येतात, हे त्यांनी करून दाखवलं आणि आकड्यांसकट छापलं. आजवर तिथं हजाराच्या वर ऑपरेशनं झालीत. आणि या "आधी यांना घ्या" गटात सगळ्यात पुढं कोण, तर तुझ्या बहिणीसारखे, मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिसवाले. कोलंबियातल्या कार्ताहेनात, ब्राझीलच्या रिबेराव प्रेतोत, युगांडातल्या एमबालेतसुद्धा थोड्याफार फरकानं हाच रस्ता धरला गेला.

एम्सचा एक अभ्यास २०१७ मध्ये जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आला. ११६ मुलं, १८ वर्षांपर्यंतची, सगळ्यांच्या फिट्स औषधाला दाद न देणाऱ्या. ५७ जणांचं ऑपरेशन केलं, ५९ जणांच्या गोळ्याच चालू ठेवल्या. वर्षानंतर ऑपरेशनवाल्यांतले ७७ टक्के फिट्समधून मोकळे, गोळ्यांवाल्यांतले फक्त ७ टक्के. याच्यामागची एक गोष्ट मला टोचते ती पण सांगते. गोळ्यांवर ठेवलेली मुलं ही ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवरचीच होती. रांगच एवढी लांब की एक वर्ष थांबणं हे तिथं नेहमीचंच. म्हणून तुला सांगतेय, नंबर आत्ता लावा, ठरवा नंतर.

मोठ्यांसाठीचा असाच अभ्यास कॅनडात झाला, २००१ मध्ये छापला, ८० पेशंट, सगळे टेम्पोरल लोबच्या फिट्सचे. वर्षानंतर ऑपरेशनसाठी निवडलेल्यांतले ५८ टक्के भान हरपणाऱ्या फिट्समधून सुटले, नुसत्या गोळ्यांवरचे ८ टक्के. एक पेशंट त्या वर्षात दगावला, आणि तो गोळ्यांच्या गटातला होता. वडिलांना हे जरूर सांग, कारण त्यांच्या मनात ऑपरेशन म्हणजे धोका आणि गोळ्या म्हणजे सुरक्षित असं पक्कं बसलंय.

ते तसं नाही. फिट थांबत नसलेल्या माणसाला पडून डोक्याला मार, भाजणं, विहिरीवर नदीवर बुडणं हे तर आहेच, त्याशिवाय एपिलेप्सी असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला हजारात एकजण झोपेत वगैरे अचानक जातो, दुसरं काही कारण सापडत नाही, आणि ज्यांना मोठ्या फिट्स येत राहतात त्यांच्यात हे प्रमाण यापेक्षा जास्त असतं. तुला घाबरवायला नाही लिहिलं. पण डोकं उघडून पोरगी गमवायची नाही असं म्हणणाऱ्या बापाला तराजूचं दुसरं पारडंही दिसायला पाहिजे.

ऑपरेशनचा धोका झाकूनही ठेवणार नाही. टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनमध्ये अनुभवी सेंटरला जीव जायचा धोका एक टक्क्यापेक्षा कमी असतो, कायमचा लकवा वगैरे क्वचित. डोळ्यांच्या कडेला, वरच्या कोपऱ्यातलं थोडं दिसणं कमी होऊ शकतं, बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर शब्द, नावं आठवायला त्रास होण्याची भीती जास्त असते कारण बहुतेकांची भाषा डावीकडे असते, तुझ्या बहिणीचं उजवीकडे आहे म्हणून ती काळजी त्या मानानं कमी, पण टेस्ट करूनच ते कळतं. काही जणांना ऑपरेशननंतर काही महिने उदास वाटतं, चिडचिड होते, हे आधी कोणी सांगत नाही आणि मग घरचे म्हणतात डोक्याला काहीतरी झालं. आणि सगळ्यांच्या फिट्स थांबत नाहीत, तिच्यासारख्या केसमध्ये साधारण दहातल्या सहा-सात जणांच्या थांबतात, आणखी काहींच्या खूप कमी होतात, थोड्यांना फरक पडत नाही. गोळ्या लगेच बंद होत नाहीत हेही आत्ताच सांगून ठेव, नाहीतर ऑपरेशन झाल्यावर आई म्हणेल आता कशाला गोळ्या. निदान वर्ष-दोन वर्षं चालू राहतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

तपासणीत काय होतं बघ. मुख्य म्हणजे व्हिडिओ ईईजी. तीन-चार दिवस, कधी आठवडाभर अॅडमिट करतात, डोक्याला वायरी चिकटवतात, समोर कॅमेरा, आणि गोळ्या मुद्दाम कमी करतात, कारण तिथं फिट यायलाच पाहिजे, ती कुठून सुरू होते ते पकडायचं असतं. घरचे इथं हमखास घाबरतात, इतकी वर्षं जी थांबावी म्हणून धडपडलो ती हे लोक आणवतायत म्हणून. तुम्ही घाबरू नका, नर्स डॉक्टर तिथंच असतात, तिच्याजवळ घरचं एक माणूस चोवीस तास लागतं, ते तू नाहीतर आई ठरवा. गोळ्या कमी करायचं काम फक्त तिथंच, घरी आपल्या मनानं अजिबात नाही. एमआरआय बहुतेक परत करतील, जास्त ताकदीच्या म्हणजे ३ टेस्लाच्या मशीनवर आणि एपिलेप्सी प्रोटोकॉलनं, म्हणजे बारीक बारीक काप घेऊन. मग मानसशास्त्रज्ञ दोन-तीन तास बसवून स्मरणशक्ती, भाषा, लक्ष याच्या टेस्ट घेतात. ही टेस्ट मराठीतून व्हायला पाहिजे असा आग्रह धर. शब्दांची यादी तिला हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये वाचून दाखवली आणि तिला आठवली नाही, तर त्यातून तिची स्मरणशक्ती कळत नाही, भाषा कळते. केरळ-दिल्लीपेक्षा मुंबई-पुणे आधी बघ असं मी म्हणते त्यातलं एक मोठं कारण हेच. शेवटी सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. ते नाही म्हणाले तर तो पण फायदाच समज, कारण मग गोळ्यांचं नीट नियोजन तरी तज्ज्ञांकडून होईल.

कुठं जायचं आणि पैसे. मुंबईत महापालिकेच्या केईएममध्ये एपिलेप्सीचा वेगळा विभाग आहे आणि तिथं ऑपरेशनं होतात, तुमच्या परिस्थितीत मी सुरुवात तिथून करीन. मुंबई-पुण्याच्या काही मोठ्या खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांतही होतात पण तिथं खर्च लाखांत जातो. महाराष्ट्राबाहेर श्री चित्रा, एम्स, बंगळुरूचं निमहान्स. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण योजना हॉस्पिटलनुसार आणि पॅकेजनुसार चालते, म्हणून अॅडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची मदत करायला हॉस्पिटलात बसणारा माणूस) गाठून विचार की हे ऑपरेशन इथं योजनेत बसतं का आणि आधीच्या तपासण्यांचे पैसे कोण देणार. तपासण्या बऱ्याचदा बाहेर राहतात, तेवढ्याची तजवीज आधी लागते. ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन मागावं लागतं, आपणहून कोणी देत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला हॉस्पिटलचं अंदाजपत्रक लागतं. या सगळ्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतोच, तो याच आठवड्यात काढायला टाक, माझ्या टेबलासमोर कितीतरी लोक फक्त त्या एका कागदासाठी परत गावी गेलेत आणि काही आलेच नाहीत.

हे "आलेच नाहीत" वालेच खरे जास्त आहेत. जगात एपिलेप्सीचे साधारण ५ कोटी लोक, त्यातले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या देशांत, आपल्या एकट्या देशात कोटीच्या आसपास. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाला गोळ्या पुरत नाहीत. ऑपरेशनचा फायदा होईल असे लाखो, आणि ऑपरेशन होतं त्यातल्या मूठभरांचं. आफ्रिकेत तर कित्येक देशांत असं एकही सेंटर नाही. आपल्याकडे सर्जन आहेत, मशिनी आहेत, अडतं ते गावापासून तिथपर्यंत. तालुक्याला फिटचा डॉक्टर नाही, जिल्ह्याला व्हिडिओ ईईजी नाही, रिपोर्टवर लिहिलेलं कोणी वाचून सांगत नाही, आणि घरी तोवर अंगारा, उतारा, कांदा, चप्पल चालू असतं. तुमचे नवे डॉक्टर बोलले हे फार चांगलं झालं, त्यांच्याकडून रेफरलची चिठ्ठी लिहून घे.

लग्नाबद्दल मी आईशी अजिबात सहमत नाही, पण आईवर चिडू नकोस. तिला वाटतं फिटवाल्या मुलीला कोण करणार. लपवून दिलेल्या मुलींचं पुढं काय होतं ते मी पाहिलंय, सासरी कळू नये म्हणून गोळ्या चोरून घ्यायच्या, मग चुकायला लागतात, मग मोठी फिट सगळ्यांसमोर येते, आणि मग फसवलं म्हणून माहेरी आणून सोडतात. कायदा आधी मुलींच्या विरुद्धच होता, हिंदू विवाह कायद्यात फिट हे लग्न रद्द करायचं कारण होतं, इंडियन एपिलेप्सी असोसिएशननं लढून १९९९ मध्ये ते काढून टाकायला लावलं. म्हणजे फिट आहे म्हणून कोणी लग्न मोडू शकत नाही, पण लपवलं म्हणून फसवणुकीचा दावा मात्र लावतात. सांगूनच करायचं. आणि ऑपरेशनचा निर्णय लग्नाआधी व्हावा याला आणखी एक कारण आहे, तिच्या तीन गोळ्यांत व्हॅलप्रोएट आहे का बघ (पाकिटावर सोडियम व्हॅलप्रोएट किंवा डायव्हॅलप्रोएक्स असं लिहिलेलं असतं). ती गोळी गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते, म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलीला ती चालू असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारायचं, बंद मात्र आपल्या मनानं करायची नाही, एकदम बंद केली तर फिटवर फिट येत राहते. पुण्यात संवेदना फाउंडेशन म्हणून एपिलेप्सीवाल्यांचा सपोर्ट ग्रुप आहे, तिथं फिट असूनही शिकलेली, नोकरी करणारी, लग्न झालेली माणसं भेटतील. आईला एकदा तिथं घेऊन जा, माझ्या दहा ओळींपेक्षा त्याचा उपयोग होईल.

आणि आता जे मला सगळ्यात आधी खटकलं ते. तुझ्या पत्रात वडील काय म्हणतात आहे, आई काय म्हणते आहे, डॉक्टर काय म्हणतात आहे. ती काय म्हणते ते एका ओळीतही नाही. २३ वर्षांची आहे ती. डोकं तिचं आहे, फिट तिला येते, सहीही तिचीच लागणार. आज संध्याकाळी तिच्याजवळ बस, हे सगळं तिला वाचून दाखव, रिपोर्ट तिच्या हातात दे, आणि तिला विचार की तुला काय वाटतं, कशाची भीती वाटते. कदाचित ती म्हणेल मला नको, तर तेही ऐकायचं. कदाचित ती कधीपासून वाट बघत असेल कोणी विचारेल म्हणून. ती तयार असेल तर वडिलांशी तिलाच बोलू दे, तू शेजारी बस. वडिलांना सरळ ओपीडीत घेऊन जा आणि तिथल्या डॉक्टरांना सांग की ऑपरेशन झालेल्या एखाद्या पेशंटशी यांची गाठ घालून द्या, बहुतेक सेंटरवाले आनंदानं घालून देतात.

तोवर घरी एवढं करा. छोटी फिट येईल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढ, सुरुवातीपासून भानावर येईपर्यंत, तिचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा, कुठला हात चाळा करतो आणि कुठला ताठ होतो यावरून डॉक्टरांना बाजू कळायला मदत होते. तिची परवानगी घेऊन काढ आणि व्हॉट्सअॅपवर फिरवू नको. एका वहीत तारीख, वेळ, पाळीचे दिवस, गोळी चुकली होती का ते लिहा. मोठी फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा काही नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा स्प्रे मिळतो, डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा आणि कसा मारायचा ते शिकून घ्या. चूल ओट्यावर घ्या, विहिरीवर एकटीला पाठवू नका, बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका. बाकी तिला कोंडून ठेवू नका.

मुंबईला जाताना जुना एमआरआय नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी पाहिजे. सापडत नसेल तर जिथं काढला तिथं तारीख सांगून मागा, चार वर्षांपूर्वीचा बऱ्याचदा त्यांच्याकडे असतो. आजवरच्या सगळ्या गोळ्यांची नावं, डोस, कधी चालू कधी बंद, हे एका कागदावर लिहून न्या. प्रवासात गोळ्या तिच्या खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको, आणि रात्रीच्या गाडीनं गेलात तर तिला झोप मिळेल अशी जागा बघा, जागरणानं फिट येते.